दारू सुटल्यावर मेंदूत काय परत येते?

दारूने मेंदूतल्या पेशी मरतात, हे व्यसनमुक्तीच्या पोस्टरपासून शाळेतल्या भाषणापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. ते खोटे नाही. पण किती मरतात आणि कुठल्या मरतात, हे फारसे कोणी विचारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्लाइव्ह हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब अक्षरशः मोजून मांडला. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या माणसांचे मेंदू शवविच्छेदनात मिळवायचे, त्यांचे पातळ काप करून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चेतापेशी मोजायची, असे ते चिकाटीचे काम होते. १९८७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आकडे छापले. कपाळामागच्या ज्या भागावर माणसाचा संयम आणि विचारपूर्वक निर्णय अवलंबून असतो, तिथल्या वरच्या पट्ट्यात चेतापेशी सुमारे २२ टक्के कमी होत्या. हातापायांच्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्यात मात्र म्हणण्यासारखी घट नव्हती. पुढे आठवणींशी निगडित हिप्पोकॅम्पस तपासला गेला. ज्यांना जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा वेगळा आजार जडलेला नव्हता, अशा पिणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पेशींची संख्या कमी झालेली आढळली नाही. मेंदूचे घटलेले वजन बव्हंशी पांढऱ्या भागातून, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंतून आणि त्यांच्यावरच्या मायलिनच्या आवरणातून गेलेले होते.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर ‘पेशी मेल्या, संपले’ हे वाक्य लंगडे पडते. ‘मेंदू स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो, नव्या पेशी येतात’ हे आजकाल मोबाइलवर फिरणारे वाक्यही तितकेच लंगडे आहे. दारूने बिघडलेल्या मेंदूत मेलेल्या पेशी असतात, पण आक्रसलेल्या आणि गप्प झालेल्या पेशी त्यांच्याहून पुष्कळ जास्त असतात. दारू सुटल्यावर जे परत येते ते बहुतेक या दुसऱ्या गटातून येते, आणि त्यातले किती हाती लागणार हे पुष्कळदा दारू सोडल्याच्या पहिल्या काही दिवसांत ठरते. या म्हणण्याला आधार काय, ते पाहू.

चेतापेशी एकमेकींशी रसायनांच्या द्वारे बोलतात. त्यातली दोन रसायने इथे महत्त्वाची आहेत. गॅबा समोरच्या पेशीला शांत करते, ग्लुटामेट तिला चेतवते. दारू गॅबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, दाबून ठेवते. ही दुसरी गोष्ट डेव्हिड लव्हिंजर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवली. नवी आठवण पक्की व्हायला हाच रिसेप्टर लागतो. म्हणून ‘काल रात्री मी काय बोललो ते आठवत नाही’ असे म्हणणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. ती रात्र त्याच्या मेंदूत नोंदलीच गेलेली नसते. एखाद्या संध्याकाळपुरते हे असेल तर मेंदू सकाळपर्यंत पूर्वपदावर येतो. रोजचे झाले की तो जुळवून घेऊ लागतो. गॅबाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंद होते आणि एनएमडीए रिसेप्टर वाढतात. दारू दाबते आहे म्हटल्यावर मेंदू तितक्याच जोराने उलटा रेटा लावतो. अशा वेळी दारू एकदम बंद झाली, तर दाराला खांदा लावून ढकलणाऱ्याने आतली कडी अचानक निघाल्यावर तोंडावर आपटावे, तसे होते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट यायची तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. भिंतीवर किडे दिसणे, दिवस-रात्रीचे भान सुटणे, अंगाची आग होणे हे ‘डी.टी.’ नावाचे भयंकर रूप साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उमटते.

बाहेर हे दिसत असताना आत अतिरिक्त ग्लुटामेट वाढलेल्या रिसेप्टरांवर आदळत असते. त्यांतून कॅल्शियम पेशीत घुसते, आणि प्रमाणाबाहेर घुसलेले कॅल्शियम पेशीतलीच प्रथिने तोडणारी एन्झाइमे जागी करते. म्हणजे मेंदूची बरीच हानी दारू पोटात असताना नव्हे, ती उतरताना होते. सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घेतला जाणारा ‘उतारा’ रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर काम करतो, आणि म्हणूनच तो सोडवत नाही. जेम्स बॅलेंजर आणि रॉबर्ट पोस्ट यांनी १९७८ मध्ये मांडले की सोडणे, पुन्हा धरणे, पुन्हा सोडणे अशा फेऱ्या जितक्या जास्त, तितकी पुढची खेप अधिक तीव्र होत जाते. पहिल्या वेळी नुसती थरथर झालेल्या माणसाला पाचव्या वेळी फिट येऊ शकते. तेव्हा ‘मनाचा हिय्या करून घरीच कोंडून घेतले आणि सोडली’ या कौतुकाच्या गोष्टी, जुन्या पिणाऱ्याच्या बाबतीत तरी, जपून सांगाव्यात.

दुसरी हानी दारूची थेट नसतेच, ती ताटाची असते. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने तीन रुग्णांचे वर्णन केले. डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या, चाल डगमगती, मन गोंधळलेले. तिघेही दगावले आणि मेंदू उघडल्यावर आतल्या पोकळ्यांभोवतीच्या राखी भागात रक्ताचे बारीक ठिपके सापडले. यातले दोघे पुरुष दारुडे होते. तिसरी होती एक तरुण शिवणकाम करणारी बाई. तिने गंधकाम्ल घेतले होते, जठराचे तोंड आकसले आणि अन्न टिकेना, उलट्याच होत राहिल्या. दारूशी तिचा संबंध नव्हता, तरी मेंदूतले ठिपके तेच. काही वर्षांनी मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव्ह यांनी नव्या आठवणीच न बनणाऱ्या आणि त्या रिकाम्या जागा कल्पित प्रसंगांनी भरणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. या सगळ्यांमागचा धागा म्हणजे थायमिन, अर्थात बी-१ जीवनसत्त्व, हे कळायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. शरीरात ते जेमतेम ३० मिलिग्रॅम असते आणि पुरवठा थांबला तर काही आठवड्यांत संपते. जेवणाऐवजी चकण्यावर भागवणारा माणूस ते कमी घेतो, दारू आतड्यातून ते शोषू देत नाही, आणि बिघडलेले यकृत साठवू शकत नाही. थायमिनशिवाय साखरेपासून ऊर्जा काढणारी मोक्याची एन्झाइमे अडतात. ज्या भागांना ऊर्जा फार लागते ते आधी कोलमडतात आणि तिथेही ग्लुटामेट साचून तोच कॅल्शियमचा लोंढा सुरू होतो. दोन्ही वाटा अशा एकाच खड्ड्यात जातात.

इथे मात्र पेशी खरोखर मरतात. सिडनीतल्या संशोधकांच्या गटाने २००० मध्ये दाखवलेली बाब फार बोलकी आहे. वेर्निकेचा आजार होऊन गेलेल्या पण आठवण शाबूत असलेल्या आणि आठवण कायमची गेलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पिणाऱ्यांत मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी पिंडांची झीज सारखीच सापडली. फरक होता तो थॅलॅमसच्या पुढच्या छोट्याशा केंद्रात. तिथल्या चेतापेशी आठवण गमावलेल्यांमध्येच नाहीशा झालेल्या होत्या. तिथे गेलेले परत येत नाही, आणि कोर्साकोव्हचा विकार पूर्ण जडलेल्यांपैकी मोजकेच पूर्ण बरे होतात. यातला सल असा की हे नुकसान टाळता येण्यासारखे असते. डोळे, चाल आणि मन ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहिली तर बहुतेक रुग्ण निसटतात. हार्पर यांच्या १९८६ च्या शवविच्छेदन-अभ्यासात तिन्ही लक्षणे फक्त १६ टक्के जणांत नोंदलेली होती आणि जिवंतपणी निदान झालेले जेमतेम पाचातले एक. गोळीतून मिळणारे थायमिन अशा आतड्यातून फार थोडे शोषले जाते, म्हणून ते शिरेतून द्यावे लागते. नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनवर ठेवलेल्या कुपोषित रुग्णात ते आणखी लवकर खर्ची पडते, म्हणून थायमिन आधी द्यायचे असा दंडक आहे. ‘अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा’ हा आपल्याकडचा सर्रास उपाय या दृष्टीने बेफिकीर म्हणावा लागेल. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात थायमिन घालणे सक्तीचे केले आणि नंतरच्या शवविच्छेदनांत हा आजार कमी सापडू लागला. भारतातल्या रेशनच्या पौष्टिक तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालतात. थायमिन ऐच्छिक यादीत आहे. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ या बाबतीत फार काही न करता पुढे आहे, कारण उकडताना कोंड्यातले थायमिन दाण्यात मुरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकते.

आता परत येण्याच्या पुराव्याकडे वळू. १९७८ मध्ये टोरांटोच्या पीटर कार्लेन यांनी ‘सायन्स’मध्ये आठ जुन्या पिणाऱ्यांचे सीटी स्कॅन पुन्हा पुन्हा काढून तुलना केली. आक्रसलेला मेंदू पुन्हा आक्रसलेलाच दिसणार असे सर्वसाधारण मत होते. आठांपैकी चौघांमध्ये तो काही अंशी भरून आलेला दिसला, आणि हे चौघे दारू न पिता राहिलेले आणि वागण्या-बोलण्यातही सुधारलेले होते. यावर लगेच आक्षेप आला, आणि तो रास्त होता. दारूने शरीरातले पाणी कमी-जास्त होते, तेव्हा फुगलेला दिसणारा मेंदू नुसता पाण्याने फुगला असेल. या आक्षेपाला जर्मनीतल्या आंद्रेआस बार्ट्श आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासाने बरेचसे उत्तर दिले. पंधरा रुग्णांचे एमआरआय दारू सोडल्यावर लगेच आणि मग सहा-सात आठवड्यांनी काढले. मेंदूचे आकारमान सरासरी जवळजवळ दोन टक्क्यांनी वाढले होते. पण त्याच यंत्राने त्यांनी मेंदूतली रसायनेही मोजली. चेतापेशी धडधाकट असल्याचे दाखवणारे एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट आणि पेशींच्या पडद्यांशी निगडित कोलीन, दोन्ही वाढली होती, आणि लक्ष लावण्याच्या चाचणीत रुग्णांचे गुणही वाढले. नुसत्या पाण्याने या पदार्थांचे प्रमाण वाढत नाही. पाणी आले तर ते पातळ व्हायला हवेत.

मग हे दोन टक्के कुठून आले? नव्या चेतापेशींतून, असे उत्तर मोहात पाडणारे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांतियागो रामोन इ काहाल यांनी प्रौढ मेंदूत नवे काही उगवत नाही असे ठासून सांगितले होते. १९६० च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांत नव्या पेशी दाखवल्या, त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांनी माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या दाखवल्यावर चित्र पालटले. मग किंबर्ली निक्सन आणि फुल्टन क्रूज यांनी उंदरांना चार दिवस भरपूर दारू देऊन पाहिले. पिताना नव्या पेशींचे बनणे घटले. दारू बंद केल्यावर साधारण सातव्या दिवशी हिप्पोकॅम्पसमध्ये पेशी विभाजनाची उसळी आली आणि त्यातल्या काही पुढे चेतापेशी झाल्या. हा निकाल २००४ मध्ये आला आणि लोकांनी तो उचलून धरला. स्वीडनमध्ये पिणाऱ्यांच्या शवविच्छेदनांतही हिप्पोकॅम्पसमधल्या मूळ पेशी आणि अर्धवट वाढलेल्या चेतापेशी कमी सापडल्या, तेव्हा उंदराचे निरीक्षण माणसापासून फार दूर नाही.

पण आकडे मांडून पाहावेत. प्रौढ माणसात नव्या चेतापेशी बनतात की नाही, यावर २०१८ मध्ये दोन गटांनी एकमेकांविरुद्ध निकाल दिले आणि वाद अजून मिटलेला नाही. तो बाजूला ठेवून सर्वांत उदार अंदाज धरू. अणुचाचण्यांतून हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग पेशींच्या डीएनएत घेऊन योनास फ्रिसेन यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी असा आकडा दिला. दोन हिप्पोकॅम्पस, सहा-सात आठवडे, म्हणजे साठ-पासष्ट हजार पेशी. मेंदूत चेतापेशी आहेत सुमारे ८६ अब्ज. ही भर दहा लाखांत एकापेक्षाही कमी, आणि ती मेंदूच्या एकाच छोट्या कोपऱ्यात. कपाळामागच्या भागात तर नव्या चेतापेशी येण्याचा भक्कम पुरावाच नाही. उसळी दुप्पट-चौपट धरली तरी दोन टक्के त्यातून निघत नाहीत. ते पेशींच्या फांद्या पुन्हा फुटण्यातून, मायलिन नव्याने चढण्यातून आणि आधार देणाऱ्या ग्लिया पेशी सावरण्यातून आले असणार. म्हणजे पुनरुज्जीवन खरे आहे, त्याचे श्रेय मात्र चुकीच्या पात्राला मिळते आहे.

पेशी न मरता गप्प होऊ शकतात, या मताला सर्वांत बोलका आधार मला वाटतो तो क्रूज यांच्याच प्रयोगशाळेतल्या रायन व्हेट्रेनो यांच्या कामाचा. किशोरवयीन उंदरांना अधूनमधून भरपूर दारू पाजली, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूच्या तळाकडच्या पुढच्या भागात ॲसिटिलकोलीन बनवणाऱ्या चेतापेशी कमी सापडतात. आठवण आणि लक्ष यांना त्या लागतात. मेल्या असाव्यात असेच कोणीही म्हणेल. पण तिथल्या एकूण चेतापेशी मोजल्या तर त्या कमी झालेल्याच नव्हत्या. पेशी जागेवर होत्या, ॲसिटिलकोलीन बनवणारे त्यांचे जनुक मात्र बंद पडले होते. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांच्यावर अशी रासायनिक खूण बसली होती की ते जनुक वाचलेच जात नव्हते. चेतापेशींना जगवणारा जो घटक शोधल्याबद्दल रिटा लेव्ही-माँटालचिनी यांना १९८६ मध्ये नोबेल मिळाले, त्याचा संदेश पकडणाऱ्या रिसेप्टरचे जनुकही असेच बंद होते. ही खूण बसवण्यामागे मेंदूतला दाह होता. उंदरांना पळायचे चाक दिल्यावर दाह उतरला, खुणा निघाल्या आणि ‘हरवलेल्या’ पेशी पुन्हा मोजणीत दिसू लागल्या. २०२० च्या या कामात शिकागोचे सुभाष पांडे सहभागी होते; दारू, ताण आणि जनुकांवरच्या अशा खुणा यांचे नाते ते बरीच वर्षे उलगडत आहेत.

हा दाह कुठून येतो याचेही उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर मेंदूतल्या रक्षक पेशींवर असतो, आणि दारू तो जंतू नसताना चेतवते. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या कोन्सुएलो ग्वेरी यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना दारूने होणारा दाह आणि हानी यांची झळ फारच कमी लागते. दाह चालू असेपर्यंत बीडीएनएफसारखे वाढीचे संकेत दबलेले राहतात. पेशीला नवी फांदी फोडायला सांगणारा निरोप निघत नाही, किंवा निघाला तरी पोहोचत नाही. म्हणून ‘नव्या पेशी आणा’ या दिशेपेक्षा ‘निरोप पोहोचू द्या’ ही दिशा मला जास्त भरवशाची वाटते. स्टेम सेलची इंजेक्शने देऊन मेंदू नवा करू म्हणणाऱ्या दुकानांपासून त्यासाठीच लांब राहावे. रक्ताच्या काही आजारांतले मूळ पेशींचे रोपण सोडले तर बाकी उपयोग हे अजून प्रयोगच आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात.

यावर दोन हरकती येतील. पहिली, हे सगळे उंदरांचे आहे. काही अंशी खरे. उंदराला नळीने चार दिवस पाजलेली दारू आणि वीस वर्षे रोज संध्याकाळी घेतलेली क्वार्टर एक नव्हे. माणसाबरोबर यकृत, तंबाखू, डोक्याला लागलेला मार आणि उपासमारही येते. म्हणूनच वरचा हिशेब मी माणसांच्या स्कॅनवर उभा केला आहे. उंदराचे काम घेतले ते एवढे समजण्यासाठी की पेशी ‘नसणे’ आणि ‘न दिसणे’ या वेगळ्या गोष्टी असू शकतात. दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे: मेंदू सुधारतो असे सांगितले तर लोक बिनधास्त पितील. पण भीतीने दारू सुटत असती तर पोस्टरांनीच काम भागले असते. शिवाय या पुराव्यात दिलासा अटींसह आहे. बार्ट्श यांच्या पंधरा जणांमध्ये सर्वांत जास्त वर्षे प्यायलेल्या रुग्णाचा मेंदू भरून आला नाही. थॅलॅमस गेला की गेला. आणि सोडलेली पुन्हा धरली की दर वेळी तीच आदळआपट, आधीपेक्षा जोराने. उलट ‘आता सगळे जळून गेले, सोडून काय उपयोग’ म्हणणारा माणूस घरोघरी असतो, आणि त्याला खोडून काढणारी माहिती त्याला कोणी देत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ५ कोटी ७० लाख लोक देशात आहेत.

या सगळ्याचा उपचाराच्या वेळापत्रकावर थेट परिणाम होतो. पहिल्या आठवड्यात मेंदू ग्लुटामेटच्या लोंढ्यातून सावरत असतो. त्या दिवसांत देखरेखीखाली औषधे, शिरेतून थायमिन, झोप आणि जेवण हाच मेंदूवरचा उपचार असतो, आणि तो जिल्हा रुग्णालयात देता येण्यासारखा आहे. याच आठवड्यात रुग्णाची बुद्धिमापन चाचणी घेऊन ‘कायमचा बिघाड’ असा शिक्का मारणे घाईचे ठरते. याच आठवड्यात त्याला समोर बसवून तासभर समुपदेशन करण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. ऐकलेले लक्षात ठेवण्याचे आणि मोहाला ‘नको’ म्हणण्याचे काम मेंदूच्या ज्या भागांकडे आहे, तेच तेव्हा सर्वांत दुबळे असतात. त्यांची सुधारणा पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत होते. तेव्हा समुपदेशनाचा खरा भार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे सरकवावा, सकाळची चाल किंवा पळणे उपचाराच्या कागदावर औषधांच्या रांगेत लिहावे आणि चाचणी निदान सहा आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. आपल्याकडे मात्र रुग्णाला बहुधा थरथर थांबली की डिस्चार्ज मिळतो.